येसूआजीचं विरजण

सांगा बरं, दुधाला दही व्हायला कोण शिकवतं?

नाही माहीत? मग पाय पोटाशी घ्या आणि ऐका. नंदू, पांघरूण एकट्यानं ओढू नकोस, चिमीला पण दे.

एक होती येसूआजी. नदीकाठी तिचं घर. घरात तिची लेक सगुणा, जावई आणि नात बकुळा. जावई घरजावई होता, बरं का. लोक हसायचे. येसूआजी म्हणायची, "हसू द्या. माझ्याच घरचं ताक पिऊन हसतात ना?"

खोटं नव्हतं ते. अख्खं गाव तिच्याकडून विरजण न्यायचं. विरजण म्हणजे चमचाभर जुनं दही. ते कोमट दुधात घातलं की सकाळी त्या दुधाचं दही होतं. येसूआजी लग्न होऊन आली, तेव्हा तिच्या आईनं ते मातीच्या लोटक्यात घालून दिलं होतं. तेव्हापासून एका दिवसाचा खंड नाही. रोज संध्याकाळी ती दुधात करंगळी बुडवून बघायची, विरजण घालायची आणि लोटक्याला म्हणायची, "नीज माझ्या राजा."

दिवे लागल्यावर विरजण घराबाहेर देऊ नये म्हणतात. येसूआजी द्यायची. म्हणायची, "भुकेला तिन्हीसांज कळत नाही."

मग मागच्या दाराशी कोण कोण यायचं! एक यायची ओल्या पायांची बाई. एक यायची पांढरं घोंगडं पांघरलेली म्हातारी. आणि एक यायची इवलीशी, तांबड्या लुगड्याची. तिला उंबरा चढवेना, म्हणून बकुळा हात द्यायची. कुठल्या, कुणाच्या, आजीनं कधी विचारलं नाही.

मग एकदा काय झालं, येसूआजी देवाघरी गेली. भिंतीला टेकून बसली होती, तशीच गेली. तेरा दिवस घरात चूल पेटली नाही. शेजारणी जेवण आणायच्या. चौदाव्या दिवशी सगुणानं दूध तापवलं, लोटकं उघडलं, तर आत नुसती हिरवी बुरशी! इतक्या दिवसांत दही लावायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

सगुणा वाटी घेऊन शेजारी गेली. "गोदाक्का, थोडं विरजण द्या."

"अगं बाई, माझ्याकडे कुठलं? मी तर रोज तुमच्याकडूनच नेत होते की!"

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तेच. येसूआजी आहेच म्हणून गावात कुणी राखूनच ठेवलं नव्हतं.

सगुणा घरी आली आणि चुलीपुढे बसली. "आईनं साठ वर्षं सांभाळलं. मी तेरा दिवसांत घालवलं," एवढंच म्हणाली. मग जेवेना, बोलेना. बकुळेनं हाक मारली तरी वर बघेना.

बकुळा घाबरली. आजी गेली. आता आईही अशीच जाते की काय? तिनं वाटी उचलली आणि मागच्या दारानं निघाली. त्या तिघींपैकी कुणाकडे तरी असेलच.

दाराशी ओली पावलं होती. त्यांच्या मागे मागे गेली, तर ती थेट नदीत उतरलेली. पाण्यातून ती बाई वर आली.

"होतं गं माझ्याकडे. पण चैत्रात मी आटले, तसं तेही आटलं. तुझी आजी नवरी होऊन आली ना, तेव्हा मला पूर होता. नाव डुगडुगायला लागली. सगळ्यांनी दागिने धरले. हिनं मात्र लोटकं छातीशी धरलं."

एवढं सांगून नदीनं बकुळेला पलीकडे पोचवलं.

मग लागला डोंगर. डोंगरावर बसलं होतं धुकं, तीच ती घोंगडीवाली म्हातारी.

"होतं गं राणी. पण माझ्यापाशी काही टिकत नाही. ऊन आलं की सगळं विरतं. तुझी आई तान्ही होती, तापानं फणफणली होती. येसू तिला पाठीशी बांधून वैद्याकडे निघाली. मी म्हटलं, वाट दिसायची नाही, परत जा. तर मलाच म्हणते, 'तू बाजूला हो!' आणि मी झाले, बाई!"

म्हातारी खुदकन हसली. घोंगड्याच्या टोकानं तिनं बकुळेचे डोळे पुसले आणि खालचं वारूळ दाखवलं.

बकुळा वारुळाशी पोचली, तोवर दूर गावात दिवे लागले होते. तांबड्या लुगड्याची ती इवलीशी मुंगीबाई दारातच कमरेवर हात ठेवून उभी.

"आता विरजण? दिवे लागल्यावर? रीतभात काही आहे की नाही? उद्या ये."

बकुळेला रडूच कोसळलं. "उद्यापर्यंत आई जेवणार नाही हो. भुकेला तिन्हीसांज कळत नाही!"

मुंगीबाईनं कमरेवरचे हात खाली घेतले.

"येसूची नात तू? अंधारात ओळखलंच नाही की! आधी नाही का सांगायचं! अगं, शेवटी शेवटी तिला दिसत नव्हतं. तरी लोटकं खाली ठेवायच्या आधी जमिनीवरून हात फिरवायची. आमच्यातली एखादी चिरडेल म्हणून."

ती आत गेली. पानात गुंडाळलेला, सावलीत वाळवलेला दह्याचा एक कण घेऊन आली. तांदळाच्या कणीएवढा.

"एवढंसंच?" बकुळा म्हणाली.

"मी काय म्हैस आहे? पुरतं तेवढं. पण तिन्हीसांजेला कुणी आलं तर?"

"देईन," बकुळा म्हणाली.

मग धुक्यानं तिला उचललं, नदीनं अलगद पोचवलं, आणि ती घरी आली. आईच्या हातावर पान ठेवलं. म्हणाली, "आई, आजीनं तुला पाठीशी बांधून धुक्यातून नेलं होतं. तुला ताप होता."

हे सगुणाला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. ती खूप रडली. मग उठली. दूध कोमट केलं, करंगळी बुडवून पाहिली, कण सोडला. आणि हुबेहूब आजीच्या आवाजात म्हणाली, "नीज माझ्या राजा." मग मायलेकी एका ताटात जेवल्या.

काय रे नंदू? हो, ती बकुळा म्हणजे तुमची आजी. माझी आई. गेल्या माघात गेली ती. तिच्या तेरा दिवसांत मी रोज विरजण लावलं, बरं का. रडत रडत लावलं, पण लावलं. आजही लावलंय, फळीवर आहे.

चिमे, दही लागलं का त्यांचं? सांगते, पण आधी डोळे मीट. लोटकं हलवायचं नसतं, तसं तुम्हीही हलायचं नाही.

मिटले?

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणानं झाकण उचललं. दही लागलं होतं, आणि मागच्या दाराशी गोदाक्का वाटी घेऊन उभी होती.