उघडण्याचे बटण

घाटमाथ्यावरच्या एका पेठेच्या गावी तांब्यापितळेच्या भांड्यांचे एक व्यापारी राहत असत. त्यांचे नाव त्र्यंबकशेठ. माणूस सचोटीचा, हाताने कसबी, आणि मानापानाच्या बाबतीत फार हळवा. भांड्याला पोचा आला, कुलूप अडले, तर ते दुरुस्तीला दुसऱ्याच्या हाती देणे त्यांना कमीपणाचे वाटे.

घाट उतरून गेले की समुद्राकाठच्या एका वाडीत त्यांची थोरली बहीण राहत असे. आई लवकर गेल्यामुळे अक्कानेच त्यांना लहानाचे मोठे केले होते. त्याच अक्काच्या मुलीच्या लग्नात पंगतीचा मान आधी दुसऱ्या कोणाला मिळाला, आणि एवढ्या कारणावरून शेठ भरल्या पानावरून उठून आले. अक्का तुपाचे भांडे हातात घेऊन उभीच राहिली. त्यानंतर येणेजाणे थांबले. भांडण असे कोणी केले नाही. पण बोलावणे कोणी धाडले नाही, आणि बोलावण्यावाचून कोणी गेले नाही.

राग लवकरच विरला. ओढ मात्र मागे राहिली. दुकानात एखादी बाई अक्काच्याच सुरात आपल्या मुलाला ‘अरे, इकडे बघ’ असे म्हणाली, तरी शेठ चमकून मान वर करीत.

पुढे त्यांनी मोटार घेतली ती अक्काकडे जाण्यासाठीच. दर रविवारी सकाळी ते स्वच्छ कपडे घालून अंगणात येत आणि रिमोटच्या किल्लीचे पहिले बटण दाबत. मोटार दिवे मिचकावून ओ देई. शेठ आत बसत. अक्कापुढे उभे राहून काय बोलावे, याची मनाशी जुळवाजुळव करीत. नुसते ‘चुकलो’ म्हणावे, की चुकीचे कारणही सांगावे? शब्द मनासारखे जुळत नसत. मग ते खाली उतरत, दुसरे बटण दाबून मोटार बंद करीत आणि घरात येत. मोटार दुकानापर्यंत जाई. घाटापर्यंत ती कधीच गेली नाही.

अशी बरीच वर्षे लोटली. एका रविवारी शेठांनी बटण दाबले, पण मोटारीने ओ दिली नाही. किल्लीचे पाते दारात फिरवून ती उघडता आली असती. पण शेठ घरात परत आले आणि म्हणाले की आज किल्लीच बिघडली, आता पुढे कधी तरी पाहू. हे सांगताना त्यांच्या आवाजात सुटका झाल्याची छटा होती. ती त्यांच्या पत्नीने, द्वारकाबाईंनी, बरोबर ओळखली. त्यांनी ओटीवर एक ताट आणून ठेवले आणि म्हणाल्या, “मग करा की दुरुस्त. सबंध पेठेची कुलपं उघडता, ही एवढीशी किल्ली काय जड आहे तुम्हाला?”

शेठांना नाही म्हणता येईना. त्यांनी नखाने किल्लीचे कवच उकलले, सुटे भाग ताटात मांडले, आतला मळ स्पिरिटच्या बोळ्याने पुसला, नवा सेल घातला. तरी मोटार गप्पच. तेव्हा त्यांनी बटणांचे रबर उलटे करून उजेडात धरले. प्रत्येक बटणाच्या पोटाशी एक काळा ठिपका असतो. तो खालच्या सर्किटच्या पाटीला टेकला म्हणजे गाडीला हाक पोचते. उघडण्याचा ठिपका पार झिजून गेला होता. बंद करण्याचाही तितकाच झिजला होता. तिसरा मात्र काल बसवल्यासारखा काळाभोर होता.

ते तिसरे बटण कशाचे, असे द्वारकाबाईंनी विचारले. सामान ठेवायची डिकी उघडण्याचे, असे शेठांनी सांगितले.

द्वारकाबाईंनी चष्मा लावून रबर नीट पाहिले. “कोरं आहे हो अगदी. ज्याला खरंच निघायचं असतं, तो आधी पिशवी ठेवतो.”

पूर्वीचे शेठ असते तर उठून गेले असते. आज ते उठले नाहीत. त्या कोऱ्या ठिपक्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. मग हळू आवाजात म्हणाले की शहरातून नवे रबर मागवू, ते येईपर्यंत राहू द्यावे. द्वारकाबाई म्हणाल्या, नवे कशाला हवे? तिसऱ्याचा ठिपका कापून दुसरीकडे चिकटवला की झाले. हे शेठांनाही ठाऊक होते, पण निघणे टळावे म्हणून त्यांनी ते काढले नव्हते.

“पण धड ठिपका एकच आहे,” द्वारकाबाई म्हणाल्या. “तो उघडायला लावायचा की मिटायला, ते तुम्ही ठरवा.”

शेठांनी दाढीच्या पात्याने ठिपका अलगद कापला. दुकानदाराचा हात तो. सवयीने बंद करण्याच्या बटणाकडेच वळला. जी वस्तू आपली, ती आधी सुरक्षित असावी. ठिपका त्या जागेवर धरून ते थांबले. मग हात मागे घेतला आणि ठिपका उघडण्याच्या बटणाखाली चिकटवला.

डिंक वाळल्यावर त्यांनी बटण दाबले. मोटारीने ओ दिली. शेठ आत बसले. शब्द आजही जुळेनात. नेहमीप्रमाणे ते खाली उतरले आणि त्यांनी दुसरे बटण दाबले. काहीच झाले नाही. मोटार उघडीच राहिली. दारात पाते फिरवून ती बंद करता आली असती. पण मग तेवढा वेळ, आपण पुन्हा माघार घेत आहोत हे स्वतःला पाहावे लागले असते. ते त्यांच्याने होईना. ते पुन्हा आत बसले आणि घाटाच्या वाटेला लागले.

अक्का अंगणात सुपातले तांदूळ निवडत होती. केस पांढरेशुभ्र झाले होते. शेठ तिच्या पायांशी वाकले आणि म्हणाले, “अक्का, मी चुकलो.”

तिने त्यांचा चेहरा निरखून पाहिला. “काय म्हणालास?”

शेठांनी मोठ्याने म्हणून पाहिले. मग आणखी मोठ्याने.

“कान गेले रे माझे,” अक्का म्हणाली. “आता तुझा आवाज नाही यायचा मला. पण तू आलेला दिसतोयस ना. बस झालं.”

इतकी वर्षे ज्या कानांसाठी शेठ शब्द जुळवीत होते, ते कान त्यांच्यासाठी थांबले नव्हते. अक्काने सूप बाजूला सारले आणि त्यांचा हात आपल्या हातात घेतला. मग उन्हे कलेपर्यंत तीच बोलत राहिली, आणि शेठ ऐकत राहिले.

तात्पर्य: मनातली ओढ कितीही खरी असो, पाऊल उचलल्यावाचून ती कोणापर्यंत पोचत नाही, आणि उशिरा पोचणाऱ्याला जे उरले असेल तेवढेच मिळते.