साळोजीचे काटे संपले तेव्हा

फार जुनी गोष्ट. वाघोबाच्या रानात दर बुधवारी बाजार भरायचा. कोणी काय विकायचं, कशाच्या बदल्यात, सारं साळोजी साळिंदर ठरवायचा. त्याने आपल्या पाठीचा काटा उपटून जागेवर रोवला, की मिळाला परवाना! पण त्याच्या बिळापुढची रांग सरेपर्यंत पाणमांजराचे मासे नासायचे.

एका बुधवारी पाठीवर काटाच उरला नाही. "कुणी उपाशी परतलं तर तुझी खैर नाही," असं वाघोबाने बजावलेलं. घाबरून साळोजी करवंदीच्या जाळीत लपला.

तिथून बघतो तर काय! अस्वलाने मध मांडला. खारीने तो चाखून शेंगा पुढे केल्या. बगळ्याने मासे महाग लावले, तशी गिऱ्हाइकं पाणमांजराकडे वळली आणि बगळा मुकाट्याने नरमला. दिवस कलला तेव्हा एक मासा उरला नव्हता, एक पोट रिकामं नव्हतं. साळोजी डोळे विस्फारून बघतच राहिला.

वाघोबा आला. "झकास! साळोजी, आज बाजार चालवला कुणी?"

"सकाळपासून त्यालाच शोधतोय, महाराज," साळोजी हात जोडून पुटपुटला, "पण कुणी दिसलाच नाही."