मुकी आणि चार आवाजांचं गाणं

पाय आत घ्या आधी. बेन्या, तूसुद्धा. गोष्ट भीतीची आहे, मागाहून सगळे माझ्या कुशीत शिराल तर जागा नाही.

तर एकदा काय झालं, लांब थंडीच्या मुलखात एक गाव होतं. तिथलं तळं गोठायचं आणि माणसं त्यावरून चालत जायची. त्या गावात राहायचा माटियास संगीतकार. सुतार लाकडाची खुर्ची करतो ना, तसा हा सुरांची गाणी करायचा. आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. मी वाजवते ती पेटी नव्हे बरं का! हा भिंतभर ऑर्गन. उंचच उंच नळ्या, वाजवायला दोन्ही हात लागायचे आणि पायसुद्धा. मागच्या बाजूला लोहाराकडे असतात तसे मोठे भाते. ते त्याची बायको मार्था पायांनी दाबायची. भाता थांबला की ऑर्गन गप्प.

त्यांची एक लेक होती, लेना. ही सारखी गुणगुणायची. जेवताना, वेणी घालताना, अगदी रुसून बसली तरी. सांगून सांगून आई थकली, पण जित्याची खोड ती, जाते कुठे!

मग एका हिवाळ्यात तळ्याचा बर्फ तडकला आणि आतून मुकी नावाची हडळ बाहेर आली. उंच, पांढरी, पावलांचा आवाज नाही. कुणी गायला लागलं की ती मागे येऊन उभी राहायची. कान लावून ऐकायची. आणि गाणं थांबलं रे थांबलं की गट्ट! गाणं गिळायची, आणि गाणाऱ्याचा आवाजही. माणूस जिवंत, पण तोंडातून शब्द नाही.

पहिल्यांदा गेला तो एका मेंढपाळाचा आवाज. मग एका दुपारी मार्था लेनाला थोपटत अंगाई म्हणत होती. लेनाला मध्येच थंडी वाजली. डोळे उघडले तर आई तिच्याकडे बघतेय, ओठ हलतायत, आवाज नाही. लेना इतकी घाबरली की तिला रडूही येईना.

मग गावकऱ्यांनी डोकं लढवलं. म्हणाले, मुकी एकट्यादुकट्याला गाठते, आपण सगळे मिळून गाऊ, मग काय करेल? अख्खा गाव चौकात जमला. माटियास तेवढा बायको-लेकीजवळ घरी थांबला. सगळ्यांनी एकच गाणं, एकाच चालीत, अगदी घसा फोडून म्हटलं. शेवटचा सूर लागला आणि गट्ट! माणसं कितीही असोत, गाणं एकच ना? एका घासात गेलं. सगळा गाव मुका झाला.

आता राहिले दोनच आवाज. माटियासने लेनाच्या तोंडाला रुमाल बांधला. आपल्याच लेकराचं तोंड बांधताना त्याला रडू कोसळलं.

मग रविवार आला. तिघं चर्चमध्ये गेली. मार्था सवयीने भात्याशी गेली, माटियास ऑर्गनशी बसला, पण वाजवायची हिंमत कुणाला होती? लेना खिडकीच्या रंगीत काचा बघत होती. रुमाल सुटून कधी गळ्यात आला, तिला कळलंच नाही. आणि ती गुणगुणायला लागली.

दार उघडलं. आवाज न करता.

माटियासने वळून पाहिलं. मुकी लेनाच्या मागे उभी! वाकून तिच्या ओठांशी कान नेलेला. आता लेकीला गप्प करावं, तर गाणं तिथेच संपणार. न करावं, तरी दोन ओळींचं गाणं, संपायला कितीसा वेळ?

पण त्या काळच्या संगीतकारांची एक रीत होती, बरं का. एक आवाज चाल सुरू करतो. तो पुढे सरकला की तीच चाल दुसरा धरतो, मग तिसरा, असे पळतात एकामागे एक. त्याला म्हणतात फ्यूग, म्हणजे पळापळच. आणि त्या सगळ्या गुंतागुंतीच्या, नक्षीदार संगीताला म्हणतात बरोक.

माटियासने लेनाचीच चाल उजव्या हाताने धरली. आणि म्हणाला, "लेना, थांबू नकोस. मागे बघू नकोस. माझ्या सुरांकडे लक्ष देऊ नकोस, तू आपलं पुढे गात राहा."

लेना गात राहिली. मुकीने मान वळवली आणि ती उजव्या हाताकडे गेली. तिथली चाल संपणार, तोच डाव्या हाताने धरली. मुकी तिकडे. तोच पायांनी धरली, मोठ्या नळ्या घुमल्या, जमीन थरथरली. मुकी चिडली. परत लेनाच्या मागे आली. लेनाच्या मानेवरचे केस गारठले, तरी पोर गात राहिली.

पण किती वेळ? भाते दाबून मार्थाच्या पायांत गोळे आले होते. फटीतून तिला सगळं दिसत होतं आणि लेकीला हाक मारता येत नव्हती. शेवटी माटियास ओरडला, "आता थांब!" मग चारही आवाज आपापल्या वाटेने आले आणि एकाच क्षणी, एकदम थांबले.

मुकीने आ वासला आणि गट्ट!

लेनाने तोंड उघडलं. आवाज नाही.

मुकी दाराकडे निघाली. चार पावलं गेली आणि थांबली. तिने गळा धरला. अहो, चार आवाज, चारांच्या चार वाटा, एका घशातून उतरणार कसे? ती ठसकली, खोकली, वाकडी झाली. मग बाहेर आलं लेनाचं गाणं, मग गावाचं, मग मेंढपाळाचं, आणि मुकीचं झालं पाणी. फरशीवर नुसतं थारोळं.

पण लेना अजून तशीच उभी, मागे न बघता. आवाज परत आलाय हेच तिला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात ऑर्गनच्या मागून कुणीतरी हाक मारली, "लेना!"

तेव्हा ती मागे वळली आणि म्हणाली, "आई."

मग काय, गाव गायला लागला, लेना गुणगुणायला लागली आणि तिला कुणी गप्प बस म्हणेना. ती तिकडे सुखात राहिली, तुम्ही इकडे पांघरुणात राहा. मिटा डोळे.