केरू बुरडाच्या हाताचं कलम

केरू बुरडाचा उजवा हात सोमवारी सकाळी कलम व्हायचा होता, आणि त्याच हाताने विणायची राणीसाहेबांची परडीही सोमवारी सकाळीच हवी होती. दोन्ही हुकूम वाड्यातलेच. एक राजाचा, एक राणीचा. दिवाणजींनी दोन्ही नीट ऐकून घेतले आणि ते पान खायला गेले.

राजाचं नाव रणधीर. रण त्याने पाहिलेलं नव्हतं आणि धीर त्याला मुळीच नव्हता. त्याचा सगळा जीव एका वाळुंजाच्या झुडपात. डोंगरातल्या ओढ्याकाठून आणून त्याने ते वाड्यापुढच्या तळ्यावर शोभेला लावलं होतं. थंडीत पानं झडली की काड्या कुंकवासारख्या लाल दिसत. राजा झुडपाकडे बघत बसे आणि दरबार राजाकडे. झुडपाला पहाऱ्याला दोन शिपाई होते. सरहद्दीवर एक होता. शिवाय झुडपाशेजारी पाटी ठोकलेली: ‘काडी तोडेल त्याचा हात कलम होईल.’

राणीसाहेबांना पूजेच्या फुलांसाठी लाल काड्यांची परडी हवी होती. त्यांनी केरूला तळ्याकडे बोट दाखवलं. केरू गेला, शिपाई जेवत होते, त्याने मोळीभर काड्या कापल्या आणि तिथेच बसून परडीचं बूड विणलं. हात धुवून आलेल्या शिपायांनी त्याला बुडासकट दरबारात नेलं.

“पाटी दिसली नाही तुला?” राजा गरजला.

“दिसली की सरकार,” केरू म्हणाला. “पण ती कसली पाटी! तिला ना बूड, ना काठ. चार गोवऱ्या राहायच्या न्हाईत तिच्यात. म्या म्हटलं, शिकाऊ माणसानं केली असंल.”

दरबारात कुणीतरी खोकलं. राजा खोकला नाही.

“कलम!”

केरूची लेक गोजरा पुढे झाली. ती बापाइतकंच चांगलं विणायची आणि बापापेक्षा पुष्कळ जास्त बोलायची.

“महाराज, हात गेल्यावर राणीसाहेबांची परडी कोण विणणार?”

पडद्यामागे बांगड्या वाजल्या. एकदाच. राजाला ती खूण ठाऊक होती. त्याचा आवाज जरा खाली आला.

“मी शब्द मागे घेत नसतो! सोमवारी हात कलम होणार. आणि त्याच हाताने विणलेली परडी मला पुरी दिसली पाहिजे. दोहोंतलं एक जरी चुकलं, तर बापलेक दोघं राज्याबाहेर! आता बोल!”

“बरं,” गोजरा म्हणाली. “सुतळी, शेण, माती आणि वाड्यातले माळीदादा तेवढे लागतील. तलवारवाल्याला घरी जाऊ द्या.”

घरी आल्यावर केरू म्हणाला, “गोजरे, डाव्या हातानं विणायला शिकू का गं?”

“आबा, तुम्ही फक्त सोमवारी साबण लावून हात धुवा. मोठ्या माणसाजवळ जायचाय तो.”

सोमवारी दरबार तळ्यावर भरला, राणीसाहेबांच्या पडद्यासकट. गोजराने माळ्याला विचारलं, “माळीदादा, मागं तुम्ही आंब्याचं कलम केलंत, ते तलवारीनं का?”

“तलवारीनं?” माळी चिडला. “शहाणी आहेस! भेटकलम केलं. रायवळ आंब्याचं रोप घ्यायचं, जातिवंत आंब्याच्या फांदीशेजारी आणायचं, दोघांची जराजरा साल सोलायची, सुतळीनं आवळायचं, वर शेणमाती लिंपायची. दोन्ही एकजीव होतात!”

“ऐकलंत, महाराज? पाटीवर ‘तोडावा’ म्हटलेलं नाही, ‘कलम’ म्हटलंय. आणि कलम काही एकट्याचं होत नाही. रायवळ रोप म्हणजे आमचे आबा. आता फांदी जातिवंत पाहिजे!”

राजाने दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजींनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

“आपल्याहून जातिवंत हात या राज्यात आहे का कुणाचा?” गोजराने विचारलं.

नाही म्हणायची सोय नव्हती. आहे म्हणायची तर मुळीच नव्हती. राजाने डावा हात पुढे केला आणि बारीक आवाजात विचारलं, “साल... सोलायची?”

“अंगठ्या काढल्या तरी चालेल.”

केरूच्या उजव्या मनगटाशी राजाचं डावं मनगट बांधलं गेलं. वर शेणमाती लिंपली. केरूने परडीचं बूड मांडीवर घेतलं आणि तो विणायला लागला. केरूचा हात जाई तिकडे राजाचा हात जाई. हातामागून राजा जाई.

“सरकार, काडी ताणून धरा!”

“धरलीय की रे!”

“अंगठा काढा मधनं! परडीत इणला जाईल!”

परडी चढत गेली. एवढ्यात राजाला शंका आली. “माळी, एकजीव झाल्यावर पुढं काय करतोस?”

“पुढं काही नाही, महाराज. फांदी मूळ झाडापासून तोडायची.”

“फांदी कोण?”

“आपण, महाराज.”

“सुतळी सोडा!” राजा ओरडला.

“सोडते,” गोजरा म्हणाली. “पण हात कलम झाला ना?”

“झाला!”

“त्याच हातानं परडी झाली ना?”

राजाने परडीकडे पाहिलं आणि तो चुळबूळ करत म्हणाला, “थांब जरा. काठ राहिलाय.”

काठ झाला. सुतळी सुटली. हात चोळताचोळता राजाला पुन्हा हट्ट आठवला. “कलम खरं कशावरून? कलमाला फळ धरतं. फळ कुठंय?”

गोजराने परडी राजापुढे धरली. “हे काय! पहिलं फळ देवाला, म्हणून ही जाते पूजेला. दुसऱ्यापासून पुढची फळं ज्याचं रोप त्याची!”

पडद्यामागे बांगड्या इतक्या वाजल्या की दोन फुटल्या. राजा आधी ओठ आवळून बसला, मग हसला, आणि हसताहसता तळ्यात पडता पडता वाचला. दर थंडीत वाळुंजाच्या काड्या केरूने न्याव्यात, असा हुकूम त्याने तिथल्या तिथे दिला. गोजराला हातातलं सोन्याचं कडं दिलं, शेणमातीसकट.

झुडपाशेजारची पाटी काढली आणि केरूकडून नवी करून घेतली. तिला बूड होतं, काठ होता, आणि चार गोवऱ्या आरामात राहत होत्या.