गळका सांधा

एका गावात हैबती नावाचा एक भोळा माणूस होता. बाकीचे सगळे शहाणे होते, म्हणून गावातली कामे वर्षानुवर्षे पडून असत.

हैबतीच्या वडिलांनी हौसेने गच्चीवरच्या टाकीपासून न्हाणीपर्यंत तांब्याची नळी टाकली होती. तिचा एक सांधा गळत होता. नेमका जिथे पाळणा टांगायचा तिथेच.

बायको सरू बाळंतपणाला माहेरी गेली होती. मुलगी झाली. तीन महिने झाले. हैबती आणायला गेला, तर सासूबाई दारातच उभ्या.

"जावईबापू, ज्या घरात एक थेंब जरी गळतोय, त्या घरात माझी लेक नि नात राहणार नाही. नाही म्हणजे नाही."

"बरं, मामी," हैबती म्हणाला. शब्दाला तो पक्का होता.

तो नाना तांबटांकडे गेला. नानांचे गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती. त्यांनी बर्नर दिला, सांधा जोडायला डाखाची तार दिली. "सांध्याला आच दे, तार टेकव, डाख वितळून आत जाईल. गेलं काम."

हैबतीने भरल्या नळीला आच दिली. नळी नुसती गुरगुरत राहिली. डाख वितळेना. तो परत नानांकडे गेला.

"अरे शहाण्या, आत पाणी असताना ती तापेल कशी?" नाना ओरडले. "आधी पाणी काढायचं, मग आच द्यायची. हे डोक्यात ठेव."

हैबतीने ठेवले. घरी आईने चहाचे आधण चुलीवर ठेवायला सांगितले. त्याने पातेल्यातले पाणी ओतून दिले आणि मग आच दिली. पातेले कोळशासारखे झाले.

ते घेऊन तो नानांकडे गेला.

"पातेल्याचं तुला कुणी सांगितलं होतं?" नानांनी कपाळाला हात लावला. "नळीचं बघ, नळीचं! आणि काळ्यावर डाख धरत नाही. काळं दिसलं की पॉलिश पेपरनं घासायचं. खालचा धातू लख्ख दिसेपर्यंत."

वाटेत सरपंचांची गाडी उभी होती. नवी, काळीभोर. गावाची नळयोजना अर्धवट राहिली त्याच वर्षी घेतलेली. हैबतीने ती बॉनेटपासून घासायला घेतली. दुपारपर्यंत एक बाजू लख्ख झाली.

"काय करतोयस रे?" सरपंच किंचाळले.

"आता डाख धरेल," हैबती म्हणाला.

गावात पाणी नव्हते तेव्हा पंचायतीची बैठक भरली नव्हती. त्या संध्याकाळी तातडीने भरली.

"गाड्यांना हात लावू नकोस!" नाना दुसऱ्या दिवशी हात जोडून म्हणाले. "नळी घास, आच दे, डाख लाव. आणि गरम आहे तोवर हलवू नकोस. गार होईपर्यंत कुणालाही हात लावू देऊ नकोस, मग कुणी काही म्हणो."

हैबती घरी आला तर आईला सणसणून ताप भरला होता. शेजारी तिला दवाखान्यात न्यायला आले. हैबती दारात आडवा झाला.

"कुणी हात लावायचा नाही. गार होऊ दे."

"मुडद्या," आई आतून क्षीण आवाजात म्हणाली, "गार झाल्यावर दवाखान्यात नेत नाहीत रे."

शेजाऱ्यांनी त्याला बाजूला केले म्हणून म्हातारी वाचली. मग त्यांनीच नानांना खुर्चीसकट उचलून हैबतीच्या घरी आणले. नाना खाली बसले. हैबती शिडीवर चढला.

"पाणी काढ."

काढले.

"घास. नळी!"

घासली.

"आच दे. डाख लाव. आता हलू नकोस."

हैबती इतका हलला नाही, की सांधा गार झाल्यावर त्यालाच खाली उतरवावे लागले. टाकी सुरू केली. खाली कागद अंथरला. दिवसभर कागद कोरडा! हे काम हैबतीने केले होते. सूचना देणाऱ्याने पहिल्याच दिवशी नीट सांगितले असते तर तेव्हाच झाले असते. पण सूचना देणाऱ्याला कुणी मूर्ख म्हणत नाही.

सरू आली. तिने लेकीला हैबतीच्या मांडीवर ठेवले आणि पाणी तापवायला गेली. हैबती बाळाकडे बघत राहिला. बाळ हसले. हैबतीचे डोळे भरून आले. तेवढ्यात त्याला मांडीवर काहीतरी ऊन ऊन लागले. धोतरावरून एक थेंब जमिनीवर पडला.

हैबतीने वर बघितले. सांधा कोरडा. खाली बघितले.

तो तसाच उठला आणि बाळाला छातीशी धरून सासुरवाडीची वाट चालू लागला. मागून सरू ओरडत धावत होती.

"अगं बाई! जावईबापू, परत का आलात?" सासूबाई घाबरल्या. "नळी अजून गळतेय?"

"नळी नाही, मामी." हैबतीने बाळ जपून त्यांच्यापुढे धरले. "हिचा सांधा गळतोय. तुमचा शब्द मी मोडणार नाही. पण तुम्ही काळजी करू नका. सरूला दूध बंद ठेवायला सांगतो, आणि वाटेतूनच नानांना निरोप धाडलाय. ते डाख घेऊन येतीलच."