मुठीत मावेल एवढंच

समुद्र जिथे खाडीच्या कानात काहीतरी कुजबुजून परत फिरतो, तिथे एक गाव आहे. गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं, तर उद्याच तुम्ही सगळे गजरे आणायला पळाल आणि तिथल्या बिचाऱ्या झाडांवर एक कळी शिल्लक ठेवणार नाही.

ती झाडं सुरंगीची. वर्षभर ती नुसती हिरवीगार, गप्प उभी असतात. थंडी सरायला लागली की मात्र त्यांच्या फांद्यांना कळ्याच कळ्या लगडतात. इवल्या इवल्या, गोल गोल, मोतिया रंगाच्या. ऊन चढलं की त्या टपटप उमलतात आणि आतून सोनेरी केसरांचा झुबका बाहेर येतो. वास तर असा, की खाडीतली होडी जागच्या जागी थांबते. खोटं वाटत असेल तर होडीवाल्याला विचारा.

त्याच होडीवाल्याची मुलगी सगू. तिची आई सुरंगीचे वळेसर करायची. वळेसर म्हणजे कळ्यांचा गच्च ओवलेला गजरा. पहाटे कळ्या तोडायच्या, उमलायच्या आत ओवायच्या. मग त्या कोणाच्या तरी वेणीत, आपल्या आपण उमलतात. सगूच्या आईच्या हातचा वळेसर बाजारात टोपलीतून बाहेर यायच्या आधीच विकला जायचा.

यंदा झाडांवर कळ्या आल्या, आणि आईच्या आत धुकं आलं. ताप नाही, खोकला नाही, कुठे लागलं-खुपलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून नुसती पडून राहायची. पेज नको, पाणी नको, केसांना फणी नको. सगूने काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "माका कायव नको गो." तो आवाज आईचा वाटायचाच नाही, कोणीतरी विहिरीच्या तळातून बोलतंय असं वाटायचं.

ओवणारे हात थांबले, तशी चूलही अर्धपोटी राहायला लागली. सगू आपल्या चिमुकल्या बोटांनी ओवायला बसायची, पण दोऱ्याचा नुसता गुंता व्हायचा. बाबांनी दिवसाढवळ्या दार लावून घेतलं. ते हळूच म्हणाले, "कोणाक सांगू नको हां, बाय. आयेक थंडी भरली, इतक्यांच सांग."

सगूने मान डोलावली. पण तिच्या पोटात आणखी एक गोष्ट लपली होती. आईची आवडती सुई तिने खेळताना मोडली होती, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी आई अशी झाली. सगूला खात्रीच होती, की हे सगळं त्या सुईमुळेच झालं. एवढंसं ते पोर, आणि एवढं मोठं ओझं एकटीच वागवत होतं.

एके सकाळी ती कळ्या तोडायला राईत गेली, तर बाकीच्या बायका कधीच तोडून गेल्या होत्या. त्या गावची एक रीत आहे. प्रत्येक झाडाची सर्वांत खालची फांदी तोडायची नाही, ती मधमाश्यांची. पण यंदा कळ्या कमी, म्हणून लोकांनी हळूच माश्यांच्या फांद्याही ओरबाडल्या होत्या. फक्त शेवटच्या म्हाताऱ्या झाडाची खालची फांदी तेवढी भरलेली राहिली होती, अगदी सगूच्या हाताशी. टोपली रिकामी, पोट रिकामं. सगूने हात वर केला, कळ्यांवरून नुसता फिरवला आणि मागे घेतला.

तेव्हा राईतला वारा थांबला. माश्यांची गुणगुण थांबली. पलीकडे समुद्रसुद्धा लाट उचलून तसाच थबकला. फांदीवरची एक कळी आतून उजळली, आधी मंद, मग सोनेरी, मग इतकी लखलखीत की सगूने डोळ्यांवर हात धरला. बोटांच्या फटीतून ती पाहते तर काय! कळीच्या पाकळ्या सारून एक अंगठ्याएवढी परी बाहेर आली. केसरांचा झुळझुळता घागरा, चतुरासारखे चमचमते पंख, आणि नाकाच्या शेंड्यावर एक इवलासा पिवळा परागकण.

"गो सगू," परी म्हणाली, "ही फांदी कित्याक सोडलंस?"

परीने शुद्ध पुस्तकी भाषेत बोलावं असं तुम्हाला वाटत असेल. पण ती त्याच राईत वाढलेली, दुसरी भाषा तिला येणार कुठून?

सगूने डोळ्यांवरचा हात काढला. "ही माश्यांची फांदी," ती म्हणाली. "ही पण गेली तर त्यो काय खातल्यो?"

"आणि मी खंय रवतलंय?" परी हसली. "माझा घर ह्याच फांदयेर आसा. तू माझा घर राखलंस. आता माग माझ्याकडे! पण माझे नियम आसत हां. तू मागशीत तां तुझ्या मुठीत मावाक व्हया. दुसरा, तां कोणातरी माणसाच्या कानार घालूक व्हया, मनातल्या मनात ठेवलंस तर चलाचा नाय. आणि मिळाला तां दिस बुडापर्यंतच टिकतला. दुसऱ्या दिवशी परत मागूचा."

तिने सगूच्या तळहातावर एक कळी ठेवली. कळी उबदार होती, जिवंत पिल्लासारखी. सगूने मूठ मिटली, डोळेही गच्च मिटले आणि म्हणाली, "माझ्या आयेक पयल्यासारखी हसव."

कळी गारगोटीसारखी घट्ट आणि गार झाली.

"एवढा मुठीत मावणा नाय गो," परी हळू आवाजात म्हणाली.

मग मात्र सगूला रडूच कोसळलं. "मी तिची सुई मोडलंय," ती हुंदके देत म्हणाली. "म्हणानच ती अशी झाली."

परी उडत तिच्या गालावर येऊन टेकली आणि पंखाच्या टोकाने तिने एक आसू टिपला. "सुई मोडली तर आये रागावता आणि बाजारातसून दुसरी सुई हाडता. सुयेन धुका येणा नाय, बाय. पोरां कशीव वागली तरी येणा नाय. तां एक दुखणा आसा, ताप येता तसां. तां उडवन लावूची जादू माझ्याकडे नाय. पण धुक्यातसून पाऊल पाऊल चलता येता. त्या पावलाएवढा माग."

सगू घरी आली. पाऊलभर म्हणजे केवढं? तिने खूप विचार केला आणि ठरवलं, आईने आज उंबऱ्यावर येऊन बसावं. बस, एवढंच. पण कोणाच्या कानावर घालायचं? बाबांनी तर सांगू नको म्हटलं होतं. तिने कोंबडीला सांगितलं. कोंबडीने मान वाकडी करून ऐकलं, पण कळी ढिम्म. तिने विहिरीत वाकून सांगितलं. विहिरीने तिचंच बोलणं तिला परत दिलं. माणूसच हवं होतं.

शेजारच्या ओटीवर पारूकाकी काजू फोडत बसली होती. पारूकाकीचा आवाज असा, की ती "काय गो" म्हणाली तरी माडावरचे कावळे उडतात. सगू तिला भ्यायची. तरी ती गेली, मूठ घट्ट मिटून उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "काकी, आयेक थंडी भरूक नाय. ती उठणाच नाय. तिना आज नुसता उंबऱ्यार येवन बसाचा, इतक्यांच माका व्हया."

पारूकाकीच्या हातातला काजू तसाच राहिला. ती बोलली तेव्हा एकही कावळा उडाला नाही. "अगो माझ्या बाये. माझ्या भावाक ह्यांच झाला होता. आमीय असांच दार लावन बसलेलंव."

काकी उठली. आधी तिने मीठ-मोहऱ्या घेऊन आईची दृष्ट काढली. "तां माझ्या समाधानाक," ती सगूला म्हणाली. मग आईजवळ जमिनीवर फतकल मारून बसली. उठ म्हणाली नाही, हस म्हणाली नाही, तुला काय कमी आहे असंही म्हणाली नाही. काजू फोडत बसली, आणि आपल्या खोडकर रेड्याच्या गोष्टी सांगत राहिली. मग म्हणाली, "हंय काळोख आसा गो, माका बिया दिसनत नाय. उंबऱ्यार बसूया?"

बराच वेळ काहीच झालं नाही. मग आईने हात टेकला. उठली. भिंतीला धरून एकेक पाऊल टाकत उंबऱ्यापर्यंत आली आणि उन्हात बसली.

सगूच्या मुठीत काहीतरी हललं. तिने बोटं उघडली, तर कळी उमलली होती! सोनेरी केसर थरथरत होते, आणि कोंदट घरात सुरंगीचा वास असा भरला, की सगू श्वास घ्यायचंच विसरली.

संध्याकाळी बाबा आले. उघडं दार पाहून त्यांचा चेहरा उतरला. सगूला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. पण पारूकाकीच पुढे होऊन बाबांना म्हणाली, "भिवा, उद्या हिका होडयेत घाल. पलीकडल्या दवाखान्यात मनाची डॉक्टरीण येता. माझ्या भावाक तिनाच उभो केल्यान."

बाबा खाली बसले आणि त्यांनी तोंड पंच्यात लपवलं. "माका लाज वाटी, काकी," ते म्हणाले. "अख्ख्या गावाक पलीकडे पोचवतंय, घरच्या माणसाकच तेवढा नेऊक नाय."

दुसऱ्या दिवशी आई होडीत बसली. डॉक्टरीणबाईंनी घाई न करता सगळं ऐकून घेतलं. गोळ्या दिल्या, पुन्हा बोलायला यायला सांगितलं. "हा आजार आहे, तुमचा दोष नाही," त्या म्हणाल्या. "मधूनच वाईट दिवस येतील. आला, तर सगळं वाया गेलं असं समजायचं नाही. आणि रोज एक कळी ओवा. एकच. नाही जमलं, तर नुसती हातात धरा."

मग सगू रोज सकाळी मुठीएवढं मागायला लागली. कधी आईने केस विंचरावे म्हणून, कधी दोन घास पेज खावी म्हणून. कधी काकीच्या कानात सांगायची, कधी बाबांच्या. ज्याच्या कानावर जाई, तो काहीतरी करायला उठे. बाबा पेज भरवत, काकी तेल लावून वेणी घाली. संध्याकाळी फूल मिटायचं, सकाळी पुन्हा कळी होऊन हातात यायचं.

आणि मग एक वाईट दिवस आलाच. आई पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजली. काकी आली, बाबा बसले, काही होईना. सगूचा धीर सुटला. तिने मुठीतली कळी काढली आणि नखांनी तिच्या पाकळ्या फाकवल्या. उमल म्हणजे उमल! सुरंगी ओवणाऱ्यांच्या घरातलं पोर, कळी कधी नखाने उघडायची नसते हे तिला पाळण्यापासून ठाऊक. तरी तिने उघडली. कळी काळी पडली. वास आलाच नाही.

ती रडत राईत पळाली. मोसम संपत आला होता. म्हाताऱ्या झाडाच्या खालच्या फांदीवर परी बसली होती, आणि तिचं तेज संध्याकाळच्या उन्हासारखं पातळ झालं होतं.

"फाकवलंस मां?" परीने विचारलं. रागावून नाही. "आये बरी होईत, बाय. कळी उमलता तशी, आपल्या वेळेर. आपण उन्हात ठेवायची, पाणी शिंपडायचा, इतक्यांच. पण तू दमलंस गो."

सगूने डोळे पुसले आणि परीकडे पाहिलं. तिला हे कोणीच म्हटलं नव्हतं.

"ही शेवटची कळी," परी म्हणाली. "हिचो एक नियम जास्त आसा. ही फक्त तुझ्यासाठी. आयेसाठी मागलंस तर उमलूची नाय."

सगूने खूप वेळ विचार केला. राजवाडा? मोत्यांचा झगा? तिला दोन्ही नको होतं. काय हवं ते तिला अचानक कळलं, आणि ते इतकं छोटं होतं की तिलाच लाज वाटली. तिने मूठ मिटली आणि घरी आली. तोवर काकी बाजारात गेली होती, बाबा खाडीवर. घरात माणूस एकच.

ती आईच्या पाठीशी जाऊन बसली. "आये," ती म्हणाली, "माका खेळाक जावचा आसा."

आई हलली नाही. सगू तशीच बसून राहिली. मग हळूहळू, फार हळू, आई या कुशीवर वळली. तिने सगूकडे पाहिलं. तिच्या विस्कटलेल्या केसांकडे, सुईने टोचलेल्या बोटांकडे, तिच्या घट्ट मिटलेल्या मुठीकडे. आईचे डोळे भरून आले.

"जा गो," आई म्हणाली. आणि थोडं थांबून, कितीतरी दिवसांचं अंतर कापून आल्यासारखी म्हणाली, "येताना माका एक चिंच हाड. गाभुळलेली."

सगूला आधी कळलंच नाही. मग कळलं. आईला काहीतरी हवं होतं! तिने मूठ उघडली, तर कळी उमलली होती, कधीच उमलली नव्हती इतकी.

ती धावत सुटली. मुलांबरोबर लपाछपी खेळली, पडली, गुडघा फोडून घेतला, खिदळली. मग चिंचेवर चढली. वरून तिने राईकडे पाहिलं आणि फांदीला घट्ट धरून तशीच राहिली. एकूणएक सुरंगी एकदम उमलली होती. खोडापासून शेंड्यापर्यंत सोनं लवलवत होतं, आणि त्या सोन्यातून एक ठिणगी वर चालली होती, घागरा झुळझुळवत, वर, आणखी वर. उन्हात ती ऊन होऊन गेली. खाडीतल्या होडीत बाबा वल्हं उचलून उभेच होते.

सगूने चिंच मुठीत धरून घरी आणली. आईने मीठ लावून तिचा तुकडा जिभेवर ठेवला. तिचा एक डोळा मिटला, नाक आक्रसलं, सगळं तोंड आंबून गेलं. सगूला हसू आवरेना.

"आणखी आसा?" आईने विचारलं.

धुकं पुढे कधी आलंच नाही असं मी सांगणार नाही. यायचं. पण आलं, की आता आई स्वतःच दार उघडून पारूकाकीला हाक मारायची. सगूची मूठ भरली तशी तुमचीही भरो, आणि मुठीत काय आहे ते कोणाच्या तरी कानावर घालायला विसरू नका.