साहेबांचे देखणे गोटे

बोरवंड स्टेशनात नवे साहेब आले आणि तिसऱ्याच दिवशी रुळाखालची खडी त्यांच्या डोळ्यांत खुपली. "काय ही काळी, टोकदार, भिकार खडी! वरून पाहुणे येणार आहेत. सगळी उपसा आणि नदीतले पांढरे, गुळगुळीत गोटे टाका!"

रुळांच्या टोळीची मुकादम तुळसाबाई खरात हिचं डोकं सणकलं. बावीस वर्षं तिनं हीच खडी पाट्यांनी वाहिली होती आणि हा परवा आलेला माणूस रूळ सजवायला निघाला होता! "साहेब, गोट्यांवर रूळ टिकायचा नाही," ती म्हणाली.

"तू मला शिकवणार? खडी काय, नुसती भर घालायला असते!"

दुसऱ्या दिवशी नमुन्याचे गोटे आले. तुळसाबाईनं त्यांचा गुडघाभर ढीग रचून वर साहेबांची खुर्ची मांडली. "बसा, इथूनच काम बघा."

साहेब ऐटीत बसले, मागे रेलले, तसे गोटे घरंगळले आणि साहेब खुर्चीसकट जमिनीवर आले. "मुद्दाम पाडलंस मला!" ते ओरडले.

तुळसाबाईनं तीच खुर्ची शेजारच्या खडीच्या ढिगावर रोवली आणि त्यांच्यादेखत ऐसपैस बसली. खुर्ची तसूभर हलली नाही.

"तुम्हाला खुपतात ना, त्या टोकांनीच एक खडा दुसऱ्याला धरून ठेवतो. तुमचे गोटे देखणे खरे, पण कुणी कुणाला धरत नाही. आणि साहेब, तुम्ही तर नुसते बसला होता. गाडी धावत येते, माणसांनी भरून!"